फेलिक्सच्या हातातली काठी : 'फ्रँकेन्स्टाइन' वाचून संपल्यावर

गिरणगावची (धागाकर्ती), शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गेले तीन महिने आम्ही आठ-नऊ जणी दर शनिवारी संध्याकाळी लालबागला जमून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी वाचत होतो. एकीने मूळ इंग्रजी वाचायचं, दुसरीने मराठीत सांगायचं, बाकीच्यांनी मध्येच थांबवून भांडायचं. आज शेवटचं पान झालं. घरी आले, कुकर लावला, पण एक प्रसंग डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

त्यातला राक्षस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चपट्या डोक्याचा, मानेत खिळे असलेला, गुरगुरणारा गडी येतो. तो १९३१ च्या सिनेमातला. पुस्तकातला जीव बोलतो, वाद घालतो, मिल्टन आणि प्लूटार्क वाचतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विज्ञानवेडा तरुण दोन वर्षं खपून आठ फुटी देह घडवतो. नोव्हेंबरातल्या एका रात्री त्याचे पिवळे डोळे उघडतात आणि हा घाबरून पळून जातो. त्या क्षणापर्यंत त्या जिवाने कुणाचं काहीही वाकडं केलेलं नाही. तो दिसायला भयंकर आहे, एवढंच.

एका गावात शिरतो तर लोक दगड मारून हाकलतात. मग तो एका घराला टेकून असलेल्या खोपटात लपतो आणि फळीच्या फटीतून आतलं बघत राहतो. आंधळा म्हातारा द लेसी, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. गरिबी अशी की पोरं बापापुढे जेवण ठेवतात आणि स्वतः उपाशी झोपतात. हे कळल्यावर हा त्यांच्या साठ्यातलं चोरणं बंद करतो, रानातली फळं-मुळं खातो. रात्री फेलिक्सची हत्यारं घेऊन लाकडं तोडतो, दाराशी आणून ठेवतो, बर्फ सारून वाट मोकळी करतो. घरातले म्हणतात, कुणीतरी भला आत्मा आपल्यावर माया करतोय.

पुढे साफी नावाची मुलगी येते. तुर्की व्यापाऱ्याची लेक, तिला त्यांची भाषा येत नाही. फेलिक्स तिला पुस्तक वाचून शिकवतो आणि फटीपलीकडे हाही शिकतो, तिच्याहून लवकर. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं ते ऐकताना साफी रडते. भिंतीपलीकडे हाही रडतो. दोघांना एकाच गोष्टीचं रडू आलं, हे तिला कधीच कळत नाही. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

शेवटी एके दिवशी बाकीचे बाहेर गेलेले बघून तो आत जातो. म्हातारा म्हणतो, मी आंधळा आहे, तुझा चेहरा मला पारखता येत नाही, पण तुझ्या बोलण्यात खरेपणा आहे. मी गरीब, देशोधडीला लागलेला माणूस. तरी कुणा माणसाच्या उपयोगी पडलो तर मला आनंदच होईल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला माणूस म्हटलं. तेवढ्यात दार उघडतं. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळते, आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या त्याला फेलिक्स ओढून काढतो, जमिनीवर आपटतो, काठीने मारतो. हा त्याला चिरडू शकला असता. हात उचलत नाही.

आता हा फेलिक्स कोण ते बघा. हे कुटुंब मुळात पॅरिसचं, खाऊनपिऊन सुखी. साफीच्या बापाला तिथे फाशीची शिक्षा झाली होती, आणि खरं कारण त्याचा धर्म आणि त्याचा पैसा होता, हे सगळं शहर जाणून होतं. फेलिक्स कोर्टात बसला होता. त्याला ते सहन झालं नाही. एका परक्या, परधर्मी माणसाला त्याने तुरुंगातून पळवून लावलं. त्यापायी म्हातारा बाप आणि बहीण तुरुंगात गेले, मालमत्ता गेली, देश कायमचा सुटला. कादंबरीत अन्यायाची एवढी चाड असलेला दुसरा माणूस नाही. आणि काठी त्याच्याच हातात.

हे वाचताना मला आजोबा आठवले.

आजोबा देवगडकडचे. सोळाव्या वर्षी बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले. ज्या गाळ्यात पहिल्यांदा पथारी टाकली तिथून जात विचारून दुसऱ्याच दिवशी ट्रंक बाहेर काढली. चार महिने गिरणीच्या फाटकाशी फुटपाथवर झोपले. हे ते दर गणपतीत आम्हाला सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज फुटायचा.

आमच्या परळच्या चाळीत जिन्याखाली एक माणूस राहायचा. गिरणीत बॉयलरची वाफ लागून त्याचा चेहरा, मान आणि एक कान भाजलेला होता. आम्ही पोरं त्याला 'जळका' म्हणायचो. तो दिसला की किंचाळत वर पळायचो, आणि आया जेवताना म्हणायच्या, गप गिळ, नाहीतर जिन्याखालचा येईल. पहाटे चारला नळाला पाणी यायचं. तिसऱ्या माळ्यावरच्या दोन म्हाताऱ्यांची पिंपं तोच भरून ठेवायचा. ते सगळ्यांना माहीत होतं.

१९८० ची अनंत चतुर्दशी. आमच्या माळ्यावरचा तीन वर्षांचा पोरगा मिरवणुकीच्या गर्दीत हरवला. दोन तास सगळी चाळ शोधत होती. मग हा माणूस त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत आला. पोरगा झोपला होता. कुणीतरी ओरडलं, "पोर पळवतोय!" आणि लोक धावले. पहिली काठी आजोबांची. मी गॅलरीतून बघत होते, आठ वर्षांची. त्याने स्वतःचं तोंड झाकलं नाही, पोराच्या डोक्यावर हात धरला. काठी मनगटावर बसली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नुसती बादली होती. आता पिंपं कोण भरणार यावरून तिसऱ्या माळ्यावर आठवडाभर भांडणं चालली होती.

आजोबांवर माझा फार जीव होता, अजून आहे. म्हणून विचारते: ज्याची स्वतःची ट्रंक बाहेर फेकली गेली, त्याच्या हातात काठी येते कशी? गैरसमज झाला म्हणून सोडून द्यायचं का?

---

नीलमोहर, शनिवार, रात्री ११:०५

ताई, वाचून गलबलून आलं. फार लिहीत नाही, एक माहिती देते. आपण त्या जिवाला सर्रास 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणतो, पण ते त्याला घडवणाऱ्याचं नाव. त्याला स्वतःला पुस्तकभर नावच नाही. १८२३ मध्ये लंडनला यावर नाटक आलं, तेव्हा जाहिरातीत पात्रांच्या यादीत त्याच्या जागी नुसती रेघ छापली होती. मेरी शेली नाटक बघायला गेली होती आणि ती रेघ तिला आवडली.

तुमच्या 'जिन्याखालच्या'चं नाव काय होतं?

---

गिरणगावची, शनिवार, रात्री ११:३१

नीलमोहर, मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत आणि छातीत धस्स झालं. आम्ही आठ वर्षं एका छपराखाली राहिलो.

---

सह्यवारा, रविवार, सकाळी ८:२०

धागा उत्तम, पण मला थोडा विरोध नोंदवायचाय.

त्या जिवाबद्दल कळवळा वाटतो, मलाही वाटला. पण पुढे तो विल्यमला, व्हिक्टरच्या लहानग्या भावाला गळा दाबून मारतो. मग मुलाच्या गळ्यातलं लॉकेट झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो. जस्टिन ही घरातली मोलकरीण. तिला फाशी होते. पाद्री तिला नरकाची आणि धर्माबाहेर टाकण्याची भीती घालून खोटा कबुलीजबाब वदवून घेतो, व्हिक्टरला खरं ठाऊक असून तो तोंड उघडत नाही. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपल्याहून दुबळ्या बाईचा बळी दिला. 'समाजाने त्याला राक्षस केलं' एवढं म्हटलं की जस्टिन हिशेबातून निसटते. दर वेळी तीच निसटते.

आणि घाबरणं हा गुन्हा नाही. अंधारात आठ फुटी आकृती बापाच्या पायांशी दिसली तर मीही जे हाताला लागेल ते उचलीन.

---

गिरणगावची, रविवार, सकाळी ९:४५

सह्यवारा, जस्टिनचं अगदी मान्य. आमच्या गटात एक बाई घरकाम करून वर्गाला येतात. त्या प्रकरणानंतर त्या म्हणाल्या, "घरात काही हरवलं की पहिली पिशवी माझीच उघडतात." त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही.

पण विल्यमच्या खुनाआधीचं पान पुन्हा बघा. त्या जिवाला वाटतं, हे मूल लहान आहे, याच्या मनात अजून किल्मिष नसेल, याला जवळ केलं तर हे आपला दोस्त होईल. आणि ते पोर हात लागताच राक्षस, कुरूप, मला खाशील म्हणून ओरडतं, माझे वडील मोठे अधिकारी आहेत अशी धमकीही देतं. एवढ्याशा जिवाला हे कुणीतरी शिकवलंय. आम्हाला जेवताना शिकवलं तसंच.

---

बंदररोड, रविवार, सकाळी ११:१०

मी इथे नेहमी नुसता वाचतो. आज लिहितोय.

लग्नानंतर आम्ही उपनगरात भाड्याने जागा शोधत होतो. तीन ठिकाणी मासे खाता का विचारलं, हो म्हटल्यावर दलालाचा फोन बंद. चौथ्या ठिकाणी टोकन दिलं होतं, चावी घ्यायला गेलो तर मालकीणबाईंनी जिन्यातूनच परत पाठवलं. बायको तेव्हा पोटुशी होती. आपल्याच शहरात मराठी माणसाला बोंबील खातो म्हणून घर नाही, हे मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, लग्नकार्यात, सापडेल त्याला सांगत फिरलो. अजून सांगतो.

सहा वर्षांनी स्वतःची जागा झाली. सोसायटीच्या समितीत गेलो. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने भाडेकरू आणला : नवरा-बायको दोघं शिक्षक, एक मुलगी, मुसलमान. बैठकीत कुणी वाईट शब्द उच्चारला नाही. 'आपल्याला काही नाही, पण लोक काय म्हणतील', 'उद्या आणखी येतील', असंच बोलणं. हात वर करायला सांगितलं. मी हात वर केला. ठरावात कारण लिहिलं, 'सभासदांच्या सोयीसाठी'. ते अक्षर माझं आहे, कारण वृत्तांत मी लिहायचो.

त्या गृहस्थांनी बैठकीआधी मला खाली गाठून सांगितलं होतं, "आम्ही मटण घरी शिजवणार नाही, पाहिजे तर लिहून देतो." मी ज्या जिन्यातून परत आलो होतो, तिथे मीही हेच म्हणालो होतो. मासे शिजवणार नाही, लिहून देतो.

ताई, मला गैरसमज नव्हता. मला सगळं समजत होतं.

---

नीलमोहर, रविवार, सकाळी ११:२२

बंदररोड, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

---

कलम_पंधरा, रविवार, दुपारी १:४०

वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात. संविधानाच्या १५ व्या कलमाचा पहिला भाग भेदभाव करू नको असं राज्यसंस्थेला सांगतो. दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, रस्ते यांच्याबद्दल आहे. राहत्या घराचा उल्लेख त्यात नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली, कारण संघटना स्थापण्याचं स्वातंत्र्यही मूलभूत हक्कच आहे. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटणं मी समजू शकते. पण त्याच दरवाजातून बाकीचेही आत शिरतात.

माझ्या कामात कागदावर कधीच 'धर्म' किंवा 'जात' दिसत नाही. 'सोय', 'वातावरण', 'संस्कृती' असे शब्द दिसतात. फेलिक्सची काठी निदान दिसते तरी.

---

वडाळा_डेपो, रविवार, दुपारी ४:१५

माझे वडील वडाळ्याच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात नोकरीला होते. १८९० ची संस्था. त्या वेळचे महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांनी रस्त्यावरच्या निराधार रुग्णांसाठी उभी केली.

वडील रोज रुग्णांची पट्टी बदलायचे. त्यांना हा आजार कधी झाला नाही. पण काका आमच्याकडे आले की पाणी प्यायचे नाहीत. आईने नवीन पेला आणून वेगळा ठेवला, तरी नाही. ताईचं लग्न दोनदा ठरून मोडलं.

हा रोग जंतूमुळे होतो हे नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्ये दाखवलं. १९८० च्या दशकात एकत्रित औषधं आली, सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होऊ लागला, औषध सुरू झालं की संसर्गाची भीतीही उरत नाही. तरी रुग्णांना पकडून कोंडायची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता, तेही २०१९ पर्यंत.

काका सरकारी नोकरीत, पदवीधर. वडिलांनी त्यांना माहितीपत्रकं दिली होती, त्यांनी ती वाचलीही होती. पेला तसाच राहायचा.

---

तुती, रविवार, संध्याकाळी ७:०२

'बाहेरून कसाही असो, आतून चांगला होता' असा सूर इथे लागतोय, त्याची मला थोडी भीती वाटते. आपण लहानपणापासून ऐकतो:

*ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥*

चोखोबांचा अभंग माझ्या आजीच्या तोंडी रोज असायचा आणि मला तो प्राणाहून प्रिय आहे. पण त्याच्यापुढचं बघा. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, १३३८ साली. त्यांचा भाव डोंगा नाही हे पंढरपुरात तेव्हाही सगळे जाणून होते. अभंग गात होते, समाधी बांधली, ती महाद्वारासमोर, देवळाबाहेर. देऊळ दलितांना उघडायला १९४७ यावं लागलं, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं रस गोड आहे हे ठाऊक असून ऊस बाहेरच.

द लेसींकडचा जीव लाकडं तोडतो, जिन्याखालचा माणूस पिंपं भरतो, ते शिक्षक मटण न शिजवण्याचं लिहून द्यायला तयार होतात. जो बाहेर उभा आहे त्याने आधी गोड असल्याचा पुरावा द्यायचा, आणि आतला कसाही असला तरी आतच. समजा त्याने एकही पिंप भरलं नसतं, तुसडा, शिवराळ माणूस असता. मग काठी चालली असती?

आणखी एक. मेरी शेलीचीही नजर सगळीकडे स्वच्छ नाही. साफीचा बाप सुटका झाल्यावर फेलिक्सला फसवतो, दिलेला शब्द मोडतो, आणि 'कपटी तुर्क' हा त्या काळच्या युरोपातला ठरलेला साचा ती तसाच उचलते. आईविना वाढलेली, लग्न झालेल्या पुरुषाबरोबर सोळाव्या वर्षी घर सोडून गेली म्हणून बापाने दार बंद केलेली ही मुलगी. १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी गोष्ट सुचली तेव्हा अठरा वर्षांची. बाहेर उभं राहणं तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तिच्या हातूनही झालं. हे मी दूषण म्हणून लिहीत नाही. पुस्तक त्याने मला आणखी जवळचं झालं.

---

सह्यवारा, रविवार, रात्री ८:३०

तुती, 'तुसडा असता तर?' हा प्रश्न दिवसभर पुरेल. माझं सकाळचं एक वाक्य मागे घेतो. 'अंधारात' असं मी लिहिलं होतं. पुस्तक काढून बघितलं. अंधार नव्हता, दिवस होता. आणि फेलिक्सने त्याला बापापासून ओढून काढलं, एवढ्यावर ते थांबलं नाही. तो खाली पडल्यावर मारलं.

---

वाचनखुणा, रविवार, रात्री ९:५०

उशिरा आले. एक जागा कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते.

अगदी शेवटी, उत्तरेच्या बर्फातून परत निघालेल्या जहाजावर व्हिक्टर मरून पडलाय आणि तो जीव त्याच्या प्रेतावर ओणवा झालाय. वॉल्टन हा जहाजाचा कप्तान, सगळी गोष्ट ऐकलेला. तो खोलीत येतो, तो चेहरा बघतो आणि आपसूक डोळे मिटून घेतो. मग म्हणतो, थांब. आणि ऐकतो.

पूर्ण कादंबरीत त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारे इन मिन तीन. व्हिक्टर, तोही कसाबसा, बर्फाच्या डोंगरावर. तिथे तो जीव आपल्या हातांनी व्हिक्टरचे डोळे झाकतो आणि म्हणतो, आता मी तुला दिसत नाही, पण ऐकू शकतोस. दुसरा आंधळा द लेसी. तिसरा हा, डोळे मिटून. प्रत्येक वेळी डोळे बंद.

आणि प्रत्येक वेळी दोघंच समोरासमोर असतात. तिसरा माणूस आत आला की संपलं. द लेसीच्या घरात दार उघडल्यावर काय झालं ते धाग्यात वर आहेच.

---

बंदररोड, रविवार, रात्री १०:२५

ते शिक्षक आता कुठे राहतात मला ठाऊक आहे, फार लांब नाही. काय बोलायचं ते ठाऊक नाही. त्यांच्याकडे जाऊन माझं मन हलकं करून येणं हा पुन्हा त्यांच्यावरच भार, असंही वाटतं. सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. तो ठराव मागे घ्यायचा विषय मी लेखी दिलाय, कारणासकट. कारणात 'सोय' हा शब्द नाही.

---

कलम_पंधरा, रविवार, रात्री १०:४०

बंदररोड, मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवा. विनामूल्य बघून देते. आणि पोच घ्या, सही-शिक्क्यासकट.

---

गिरणगावची, सोमवार, रात्री ९:०८

सगळ्यांचे आभार. वडाळा_डेपो, तुमच्या आईच्या त्या पेल्याचं वाचून मला काल झोप लागली नाही.

आज कामावरून सुटल्यावर आईकडे गेले. ती आता शहात्तर वर्षांची आहे, स्मरण चांगलं आहे. ती मेथी निवडत होती. मी विचारलं, आपल्या चाळीत जिन्याखाली राहायचा त्याचं नाव काय होतं ग? माझी खात्री होती की तिला आठवणार नाही.

तिने हातातली जुडी खालीही ठेवली नाही. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. आमच्या आजोळपासून तीन कोसांवरचं गाव. मी इथे लिहीत नाही, कारण विचारायला तो माणूस नाही. पण मला आता माहीत आहे.

म्हटलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, सगळ्यांनाच माहीत होतं. तुझ्या आजोबांच्याच खात्यात होता तो. एकाच पाळीला जायचे. वाफ लागली तेव्हा हातगाडीवर घालून इस्पितळात नेणाऱ्यांत तुझे आजोबा होते. जिन्याखालची जागाही त्यांनीच चाळीच्या मेस्त्रीला सांगून मिळवून दिली. रोज कामावर जाताना नावाने हाक मारायचे त्याला.

मी धाग्यात जे लिहिलं ते सगळं 'आजोबा त्याला ओळखत नव्हते' असं धरून लिहिलं होतं. त्याच एका आधारावर मी त्यांना चाळीस वर्षं माफ करत आले होते.

त्या रात्रीनंतर काय झालं, तेही विचारलं. आई म्हणाली, दोन रविवार सासरे कुठेतरी जाऊन यायचे, कुठे ते सांगायचे नाहीत. एकटेच परत यायचे. आणि तिसऱ्या माळ्यावरची भांडणं मिटली कशी माहीत आहे का, पिंपं तेच भरायला लागले होते. पहाटे चारला उठून. पाय चालेनासे होईपर्यंत भरत होते.

मग मी ते विचारलं जे विचारायला गेले होते. ओळखत होते, इतकं सगळं केलं होतं, पोर त्याच्या खांद्यावर झोपलेलं दिसत होतं. मग काठी का उचलली?

आईने मेथीची पानं टोपात टाकली. म्हणाली, "सगळे बघत होते ना."